चाळीसपैकी त्रेचाळीस

सेवानिवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, एका मंगळवारी सायंकाळी पावणेपाच वाजता, हरिश्चंद्र मसुरकर यांच्या असे निदर्शनास आले, की खाजणवाडीतले म्हातारे विनापरवाना आनंदात आहेत.

हा आनंद कुठल्याही नोंदवहीत नव्हता. त्याला अध्यक्ष नव्हता, सचिव नव्हता, इतिवृत्त तर नव्हतंच. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या ओट्यावर चार वाजले की माणसं येऊन बसत आणि दिवेलागणीला उठून जात. मधल्या तीन तासांत तिथे काय चालतं, याचा कागदोपत्री पुरावा शून्य. असला प्रकार आपल्या डोळ्यांदेखत इतकी वर्षं चालू होता, या विचाराने मसुरकरांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मसुरकर आधी ग्रामसेवक आणि शेवटची काही वर्षं विस्तार अधिकारी होते. फोंडाघाटापासून बांद्यापर्यंत बदल्या होत चौतीस वर्षं गेली. त्या काळात वाडीने त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणायला सुरुवात केली ती निवृत्तीनंतरही थांबवली नाही. निवृत्तीचं पहिलं वर्ष त्यांनी घरातली कागदपत्रं विषयवार लावण्यात घालवलं. दुसरं वर्ष पत्नी जानकी यांच्या कामकाजात सुधारणा सुचवण्यात गेलं. जानकीबाईंचा बचत गट होता, भजन होतं, उन्हाळ्यात कोकमं आणि फणसाची साठं होती. त्यांच्या कामकाजाला सुधारणा सोसत नव्हती. साठं वाळवण्याच्या जागेचा भाऊसाहेबांनी नकाशा काढला, त्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमी जरा ओट्यार जावन बसा. थंय लोकांक काय काम नसता.”

भाऊसाहेब ओट्यावर जाऊ लागले ते असे. जाताना ते घरातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन जात, कारण ओट्यावर बसायचं म्हणजे मांडी घालावी लागते आणि मांडी घातलेला अधिकारी त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते येऊन बसले की चाललेली गजाल, म्हणजे गप्पा, जराशी मंदावत असे. भाऊसाहेब याला आदर समजत.

ओट्यावर कायमची माणसं तीन. दाजी खवणेकर हा जुना तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. वय ऐंशीच्या आसपास, पण नेमकं विचारलं तर तो भरतीओहोटीच्या भाषेत सांगे. दुसरी यशोदा. तिने चाळीस वर्षं मासे विकले आणि आता विकत नसली, तरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीत डोकावून भाव विचारल्याशिवाय तिला राहवत नसे. या दोघांचं अठ्ठावीस वर्षांचं एक भांडण होतं. एका वर्षी दाजीने आणलेली सुरमय साडेचार हात लांब होती असं दाजीचं म्हणणं. सव्वातीन हात होती, कारण ती मीच कापली, असं यशोदेचं म्हणणं. रोज चार वाजता हे भांडण नव्याने उभं राही आणि दिवे लागले की उद्यावर जाई.

तिसरा दत्ताराम पाटकर. एसटीत एकतीस वर्षं चालक. भाऊसाहेबांचा प्राथमिक शाळेतला सोबती आणि म्हणून वाडीत त्यांना ‘हरी’ म्हणणारा एकटाच. चौदा महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. तेव्हापासून तो ओट्याच्या टोकाला पाय सोडून बसे आणि दाजी-यशोदेचं भांडण ऐके. बोलत नसे. कुणी त्याला बोलवायलाही जात नसे. भांडण रंगात आलं की यशोदा त्याच्याकडे वळून ‘काय रे दत्ताराम?’ एवढं म्हणे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे बोलू लागे.

अशी सगळी अनागोंदी होती.

त्यातच भाऊसाहेबांच्या मोबाइलवर एक परिपत्रक आलं. कुणीतरी पुढे पाठवलेलं, आधी चौदा गटांतून फिरून आलेलं, पण परिपत्रक ते परिपत्रक. तीन वर्षांत त्यांच्या हाती पडलेलं पहिलं. विषय असा: ‘ज्येष्ठांचे मनःस्वास्थ्य व सामूहिक सहभाग उपक्रमांतर्गत प्रत्येक गावात आनंद गट स्थापन करून सदस्यांच्या आनंदात तीन महिन्यांत किमान वीस टक्के वाढ करणेबाबत.’ भाऊसाहेबांनी ते उभं राहून वाचलं. शेवटी ‘अंमलबजावणीत हयगय होणार नाही याची दक्षता घ्यावी’ हे वाक्य आलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. कुणालातरी आपल्या हयगयीची काळजी आहे, ही भावना किती दिवसांनी आली होती.

गटाला अकरा सदस्य लागत होते. ओट्यावर तीन होते. भाऊसाहेबांनी स्वतःला अध्यक्ष म्हणून घातलं, जानकीबाईंना न विचारता घातलं, आणि उरलेले सहा वाडीतून गोळा केले. त्यात गुरुप्रसाद नावाचा एक चुलतभाऊ होता, जो डोंबिवलीला राहतो आणि गणपतीत पाच दिवस येतो. त्याचा सामूहिक सहभाग फोनवरून घेण्यात येईल, असा शेरा मारला.

पहिली सभा ओट्यावर झाली. विषयपत्रिका भिंतीला डकवली होती: स्वागत, सामूहिक हास्य दहा मिनिटे, भावनांचे आदानप्रदान पंधरा मिनिटे, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. हास्याची दहा मिनिटं पार पडली. इतिवृत्तात नोंद आहे, की ‘श्री. दत्ताराम पाटकर यांनी हसण्यास नकार दिला नाही, तथापि ते हसले नाहीत.’ आदानप्रदानाला दाजीने सवयीने सुरमय काढली. भाऊसाहेबांनी त्याला थांबवलं. हा विषय पत्रिकेवर नाही, शिवाय त्यात कटुता आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं. दाजीला वाटलं भाऊसाहेब यशोदेच्या बाजूचे, यशोदेला वाटलं दाजीच्या. तेव्हा भाऊसाहेबांनी तीन जणांची उपसमिती नेमली.

उपसमितीने पंधरा दिवसांत अहवाल दिला. साडेचार आणि सव्वातीन यांची सरासरी काढून सदर सुरमय तीन हात आणि सात अष्टमांश लांबीची होती असं सर्वानुमते ठरलं. दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. अठ्ठावीस वर्षांचा वाद मिटला. दुसऱ्या दिवशी चार वाजता दाजी आणि यशोदा येऊन बसली. पाच वाजेपर्यंत दोघांनाही बोलायला काही सुचलं नाही. साडेपाचला यशोदा उठली आणि घरी गेली.

मग पाहणी आली. ज्येष्ठ आनंद कक्षाकडून समीक्षा नावाची तरुण समुपदेशक आली. मुलगी बांद्याकडची, चेहऱ्याने गोड, पण हातात टॅब. टॅबमध्ये दहा प्रश्न, प्रत्येकाला चार गुण, एकूण आनंद चाळीस. ती एकेकाला जवळ बसवून प्रमाण मराठीत विचारत होती. गेल्या दोन आठवड्यांत आयुष्य निरर्थक वाटलं का, या प्रश्नावर यशोदेने तिला सांगितलं, “बाये, माका येळ खंय आसा?” चार गुण. दत्ताराम दहाही प्रश्नांना ‘बरा आसा’ म्हणाला. चाळीस गुण. गटाचा सरासरी आनंद छत्तीस निघाला. भाऊसाहेबांचं मोजमाप राहून गेलं, कारण ते पाहणीची व्यवस्था पाहत होते.

छत्तीस हा आकडा ऐकून त्यांना आधी बरं वाटलं. मग त्यांनी कागद घेतला. परिपत्रकाप्रमाणे वीस टक्के वाढ दाखवायची म्हणजे तीन महिन्यांनी आनंद त्रेचाळीस पूर्णांक दोन व्हायला हवा होता. आणि एकूण गुण होते चाळीस. म्हणजे खाजणवाडीने कितीही मनापासून आनंद केला असता, तरी ती नापासच होणार होती. समीक्षाने वरिष्ठांना फोन करून पाहिला. वरून उत्तर आलं, की गटाने आधीपासून आनंदी असणं उपक्रमाच्या उद्देशाशी विसंगत आहे, पाहणी पुन्हा घ्यावी.

भाऊसाहेबांनी तातडीची सभा बोलावली. सरकारला तुमच्या आनंदाची अडचण नाही, वाढीची आहे, असं त्यांनी सांगितलं. यावेळी उत्तरं देताना प्रत्येकाने थोडं मनात डोकावावं. काही ना काही सापडेल. दाजी डोळे मिटून बराच वेळ डोकावला आणि म्हणाला, “दुख्ख येता, भाऊसाहेब. पण हुकमान येणा नाय.” यशोदेने आपल्या गुडघ्याचं दुखणं मनाच्या रकान्यात घालता येईल का विचारलं. घालता आलं.

फेरपाहणीच्या दिवशी गर्दी होती म्हणून समीक्षाने काही जणांचे अर्ज भाऊसाहेबांना भरून घ्यायला दिले. दत्ताराम त्यांच्या वाट्याला आला. पहिल्याच प्रश्नाला तो ‘बरा’ म्हणाला, तसे भाऊसाहेब म्हणाले, खरं असेल ते सांग, यावेळी चालतं. दत्ताराम समुद्राकडे वळला.

“सांजेक घराक जातंय तेवा,” तो म्हणाला. “दारार कुलूप दिसता. एकतीस वर्सा एसटी चलवलंय. रातीचे दोन वाजले तरी ती आतसून कडी काढायची. माज्या चपलेचो आवाज तिका कळायचो. आता भायरसून कुलूप काडूचा लागता.”

भाऊसाहेबांच्या हातात पेन होतं. चौतीस वर्षं हातात पेन असलेला माणूस ऐकताना लिहितो, त्याचा इलाज नसतो. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘सदस्यास सायंकाळी कुलूप उघडण्यास अडचण येते. उपाययोजना: कुलूप तपासणे.’ आणि मान वर करून विचारलं, “पुढचा प्रश्न. झोप कशी लागते?”

दत्तारामचे चाळीसपैकी नऊ गुण झाले. गटाची सरासरी सत्तावीसवर आली. आता वाढीला भरपूर जागा होती.

पण नऊ हा आकडा टॅबमध्ये लाल रंगात दिसू लागला, आणि लाल रंगासाठी वेगळी कार्यपद्धती होती. दुसऱ्याच दिवशी दोन सदस्य तेलाची बाटली घेऊन दत्तारामच्या घरी गेले आणि त्याच्या कुलपात तेल घालून आले. त्याचा फोटो पाठवण्यात आला. त्यानंतर ‘सोबती योजना’ सुरू झाली. प्रत्येक सदस्याने लाल सदस्याला दिवसातून एकदा फोन करायचा, कसं वाटतंय ते विचारायचं आणि वेळ नोंदवायची. दत्तारामला दिवसाला दहा फोन येऊ लागले. डोंबिवलीहून गुरुप्रसाद ऑफिसला जाताना करी आणि उत्तर ऐकायच्या आत त्याचं स्टेशन येई. दत्ताराम पहिल्या दिवशी दहा वेळा ‘बरा आसा’ म्हणाला. चौथ्या दिवशी फोन बंद झाला.

फोन बंद, म्हणून कार्यपद्धतीनुसार गृहभेट झाली. गृहभेटीत दत्तारामच्या दारावर लाल कागद चिकटवण्यात आला: ‘येथे विशेष लक्ष’. हेतू चांगला होता. परंतु वाडीत लाल कागद म्हणजे साथीचा रोग, एवढीच लोकांची समज. दूधवाली दूध बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशीच ठेवू लागली. शेजारच्या सुशीलेने आपल्या नातवंडांना त्या अंगणात खेळायला जाऊ देणं बंद केलं. दत्ताराम ओट्यावर यायचा थांबला.

त्याच्या मागोमाग दाजी आणि यशोदाही कमी झाली. त्यांना वेगळी अडचण होती. ओट्यावर आता ‘आनंद केंद्र’ असा फलक लागला होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सभेची वेळ वगळता येथे बसण्यास मनाई आहे. हे वाक्य भाऊसाहेबांचंच. फलक म्हटला की खाली मनाई हवी, नाहीतर तो रिकामा दिसतो. संध्याकाळी ते स्वतःच खुर्ची घेऊन जात, फलकाखाली बसत आणि कुणी विनासभा बसत नाही ना ते पाहत. कुणीच बसत नसे. घरी परतल्यावर जानकीबाई विचारत, काय म्हणतात मंडळी? ते म्हणत, शिस्त आली आहे.

तीन महिने भरत आले तेव्हा अंतिम मोजमाप झालं. प्रश्नांना कंटाळलेल्या सदस्यांनी टॅब हातात येताच सगळीकडे ‘उत्तम’वर बोट दाबलं. दत्ताराम सोडून सगळ्यांची सरासरी चौतीस आली. दत्तारामचे मात्र तेच नऊ. तो भेटला नव्हता, म्हणून जुनेच गुण कायम धरले होते. त्याला धरून सरासरी साडेएकतीस. वाढ सोळा टक्के आणि काही. वीसला सव्वातीन टक्के कमी.

त्या दुपारी भाऊसाहेब बराच वेळ नियमावली घेऊन बसले. नियम सात असा होता, की लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व आपोआप रद्द होतं. आपोआप हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. म्हणजे यात आपण काहीच करत नव्हतो. त्यांनी दत्तारामला नोटीस काढली: ‘आपण लागोपाठ तीन वेळा आनंदास गैरहजर राहिल्याने...’ आणि टपालाने पाठवली. घर हाकेच्या अंतरावर होतं, पण हातात द्यायला ते गेले नाहीत. एका माणसाच्या जाण्याने खाजणवाडीचा सरासरी आनंद अडीच गुणांनी वाढला. वाढ सव्वीस टक्के. जिल्ह्यात पहिला क्रमांक.

सत्कार जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला होता. गटाने फेटे बांधून यावं असं पत्र होतं. दाजी म्हणाला, माका त्या दिवशी काम आसा. यशोदेने काम आहे असंही सांगितलं नाही. जानकीबाईंची कोकमं वाळत होती. भाऊसाहेब एकटेच एसटीने गेले, मांडीवर दहा फेट्यांची पिशवी घेऊन.

सभागृहाबाहेर व्हरांड्यात समीक्षा त्यांना शोधतच होती. म्हणाली, सर, तुमचा अर्ज रिकामा आहे, तो भरल्याशिवाय गटाचं खातं बंद होत नाही. पाहुणे यायला उशीर होता. दोघं बाकावर बसली आणि तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न होता, गेल्या दोन आठवड्यांत कुणी आपली वाट पाहतंय असं वाटलं का.

भाऊसाहेबांनी आठवून पाहिलं. जानकीबाई वाट पाहत, पण ते कधी बाहेर पडतील याची. मुंबईचा मुलगा जितेंद्र रविवारी सुप्रभाताचं चित्र पाठवी. ओट्यावर फलक होता. शेवटचं ‘ये’ आपल्याला कोण म्हणालं, हे त्यांना आठवेना. नोकरीत त्यांनी इतरांच्या वतीने पुष्कळ खोटं लिहिलं होतं, पण स्वतःच्या नावाच्या अर्जात खोटी माहिती भरायची त्यांना कधी छाती झाली नव्हती. ते एकेका प्रश्नाचं खरं उत्तर देत गेले. समीक्षा सहाव्या प्रश्नानंतर त्यांच्याकडे न पाहता विचारू लागली. शेवटी टॅब लाल झाला. चाळीसपैकी आठ. दत्तारामपेक्षा एक कमी.

“सर,” ती हळूच म्हणाली, “तुमी कोणाकडे बोलतास काय?”

भाऊसाहेबांनी नियमावलीचा विचार केला आणि विचारलं, हे गुण धरले तर वाढ किती होईल? तिने आकडे टाकले. सोळा टक्के. पहिला क्रमांक जात होता, पाहुणे दारात आले होते, आणि हारावर खाजणवाडीची चिठ्ठी लागली होती. समीक्षा आत धावली. पाच मिनिटांत वरिष्ठांचा निर्णय घेऊन आली. अध्यक्ष हे पदसिद्ध सदस्य असल्याने त्यांना भावना लागू नाहीत.

टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी भाऊसाहेबांना स्मृतिचिन्ह दिलं आणि एवढ्या आनंदी गटाचं नेतृत्व करताना कसं वाटतं, असं माईकवर विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, छान वाटतं.

परतीच्या गाडीतून ते खाजणवाडीच्या थांब्यावर उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते. घराकडे जायचे ते पाय दत्तारामच्या बेड्याशी थांबले. दारावरचा लाल कागद अर्धा फाटून लोंबत होता. आतून मोठमोठ्याने आवाज येत होते.

घरापुढच्या खळ्यात दाजी बसला होता, यशोदा बसली होती, आणि वाद पेटला होता. उपसमितीचा अहवाल दाजीने फेटाळला होता. तीन हात आणि सात अष्टमांश असली सुरमय समुद्रात नसते, हे त्याचं म्हणणं यशोदेलाही मान्य होतं, तेवढ्यापुरतं. पुढे ती सव्वातीनवर आणि तो साडेचारवर. पायरीच्या टोकाला दत्ताराम पाय सोडून बसला होता. महिनाभर त्यांची बैठक रोज इथेच भरत होती, आणि अध्यक्षांना त्याची कल्पना नव्हती.

भाऊसाहेबांना पाहताच गजाल मंदावली. तो आदर नव्हता, हे त्यांना त्या क्षणी प्रथमच कळलं. हातात फेट्यांची पिशवी आणि काखेत स्मृतिचिन्ह घेऊन ते उभे राहिले.

“बस, हरी,” दत्ताराम म्हणाला.

खुर्ची नव्हती. ते पायरीवर बसले. मांडी घालायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, “तू ओट्यार येणा कित्याक सोडलंस?”

“तू इचारलंस म्हणान सांगलंय,” दत्ताराम म्हणाला. आवाजात राग नव्हता. “आजून कोणाक सांगूक नव्हतंय. आणि तू ता लिवन घेतलंस.” तो पुढे म्हणाला, “वर कुलपाक तेल घातलंस. आदी ता कुरकुरायचा. घरात शिरतंय ता माजा माका तरी आयकाक येयचा. आता तेवडापण नाय.”

भाऊसाहेबांना क्षमा मागायची होती. पण तोंडात शब्द जमा झाले ते असे, की झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. ते त्यांनी गिळले. शेवटी जे होतं ते म्हणाले.

“माका आठ पडले.”

“कितीत?” दाजीने विचारलं.

“चाळीसात.”

यशोदेने बोटांवर काहीतरी मोजलं. “आणि दत्तारामाक किती पडलेले?”

“नऊ.”

दत्ताराम त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. भाऊसाहेब घाबरले, त्यांना वाटलं रडतोय. तो हसत होता. “मगे मी पयलो,” तो म्हणाला आणि इतका हसला, की यशोदेला त्याला पाणी आणून द्यावं लागलं. दाजी हसला, यशोदा हसली, आणि कितव्या मिनिटाला कोण जाणे, भाऊसाहेबही हसले. वेळ कुणी लावली नव्हती.

त्या दिवशी त्यांना कुणी कसं वाटतंय ते विचारलं नाही. दिवे लागेपर्यंत ते सुरमयीचं भांडण ऐकत बसले. उठताना यशोदेने सांगितलं, की उद्या येणार असाल तर या, पण पेन घरी ठेवून. दाराचा उरलेला लाल कागद जाताना भाऊसाहेबांनी स्वतः नखांनी खरवडून काढला. ओट्यावरचा फलक मात्र अजून तिथेच आहे, कारण फलक काढण्याचा अधिकार कुणाला आहे हे नियमावलीत नाही. स्मृतिचिन्हही त्यांना परत करायचं होतं, पण त्यासाठीचा अर्ज उपलब्ध नाही. ते जानकीबाईंनी साठांवर वजन म्हणून ठेवलं आहे.

इथे ही हकीकत संपली असती. परंतु सत्काराची बातमी फोटोसह मोबाइलवर फिरली आणि आठवड्याभरात भाऊसाहेबांना चाळीसेक फोन आले. मुंबईहून, पुण्याहून, एक दुबईहूनही. गाव वेगळं, मागणी एकच. आमच्या वडिलांना, आमच्या आईला, तुमच्या गटात घ्या आणि महिन्याच्या महिन्याला त्यांचे गुण आम्हाला कळवा. आम्हाला फार काळजी वाटते. पहिला फोन जितेंद्रचा होता. बाबा, अभिमान वाटला, ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, असं तो म्हणाला, आणि एवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली.

आलेल्या माणसाला नाही म्हणायची भाऊसाहेबांना सवय नाही. नाही म्हणण्याऐवजी अर्ज द्यायची आहे. म्हणून त्यांनी एक अर्ज तयार केला. एका पानाचा, सोपा. वर पालकाचं नाव, वय, गाव. खाली अर्जदाराचं नाव आणि मोबाइल क्रमांक. मध्ये एकच रकाना: ‘अर्जदार काहीही काम नसताना पालकाजवळ शेवटचे केव्हा बसले, दिनांक व किती मिनिटे.’ हा अर्ज त्यांनी फोन करणाऱ्या प्रत्येकाला पाठवला. जितेंद्रलाही पाठवला.

पाच महिने झाले, भरलेला अर्ज एकही परत आलेला नाही. मुदत ठेवलेली नाही, तेव्हा तुम्हीही तो मागवू शकता. फक्त पेन्सिलीने भरा, असं भाऊसाहेब सुचवतात. त्या मधल्या रकान्यापाशी खाडाखोड फार होते.